पलंगावरचा कुत्रा
कुत्रा पलंगावर चढतो तो मालकावर सत्ता गाजवण्यासाठी, ही समजूत रुजलेली असली तरी निराधार आहे. ऊब आणि ओळखीचा वासच त्याला तेथे खेचतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१७ मधील ४० प्रौढांच्या अभ्यासात, कुत्रा नुसता खोलीत असण्यापेक्षा पलंगावर असताना निद्राक्षमता, म्हणजे अंथरुणातील वेळापैकी प्रत्यक्ष झोपेचे प्रमाण, कमी आढळली. सवय मोडताना खरी अडचण (बहुधा) घरच्यांचीच असते, कारण सहा रात्री खाली उतरवून सातव्या रात्री केविलवाण्या कुईकुईला भुलून वर घेतले, की अधूनमधून मिळणाऱ्या या बक्षिसाने, ज्याला मानसशास्त्रात आंशिक प्रबलन म्हणतात, हट्ट अधिकच चिवट होतो. म्हणून पलंगालगत मालकाच्या वासाची जुनी गोधडी अंथरून, कुत्रा तीवर बसताच खाऊ द्यावा आणि सुरुवातीला वाढणाऱ्या कुरकुरीकडे काणाडोळा करावा.