पगार बेंगळूरचा, घर बेळगावचं

मार्च २०२० मध्ये पंधरा दिवसांचे कपडे आणि कंपनीचा लॅपटॉप घेऊन मी बेंगळूरहून बेळगावला आलो. टिळकवाडीतल्या आमच्या घरी वरच्या खोलीत टेबल मांडलं. लॉकडाऊन उठलं, दुकानं उघडली, तरी मी आपला घरीच. तेव्हा समोरच्या काकांनी बाबांना हळूच विचारलं, "पोराला कंपनीनं काढलंय काय हो?" आम्ही खूप हसलो होतो. चार वर्षांनी ते खरं झालं, पण ते पुढे सांगतो.

हे सगळं आठवायचं कारण माझा चुलतभाऊ. इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात जेवताना म्हणाला, "दादा, निम्मा पगार बेंगळूरच्या घरभाड्यात घालण्यापेक्षा इथूनच काम करता येईल अशी नोकरी बघतो की. तू बघ, कसा मजेत आहेस!" घरातल्या सगळ्यांना ते पटलं. मला मात्र घास गिळवेना, कारण हा हिशेब त्याला मीच शिकवला होता.

हिशेब दिसायला सरळ आहे. बेंगळूरला आउटर रिंग रोडजवळ दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं ३८,००० होतं, वर मेंटेनन्स ५,०००. शिवाय आत शिरताना सहा महिन्यांचं डिपॉझिट. पाळणाघर, कॅब, बाहेरचं खाणं धरून महिन्याला ९५,००० सहज जायचे. ऑफिस नऊ किलोमीटरवर, पण संध्याकाळी सव्वा तास धरूनच निघायचं. बेळगावात तेच घर ४५,००० मध्ये चालतं आणि काम संपल्यावर दहा मिनिटांत मी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली फिरत असतो.

पण या ४५,००० मध्ये घरभाडं शून्य आहे. घर बाबांनी बांधलंय, बँकेचे हप्ते त्यांनी नोकरीभर फेडलेत. ते मी हिशेबात धरलंच नव्हतं. दुसरी गोष्ट याहून मोठी. बेळगाव स्वस्त आहे ते बाहेरचा पगार घेऊन इथे राहणाऱ्याला. इथल्याच छोट्या कंपनीत महिना अठरा-वीस हजारांवर लागलेल्या मुलाला विचारा, तो स्वस्त म्हणणार नाही.

२०२३ मध्ये कंपनीने आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायला सांगितलं. आदल्याच वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. त्या रात्री मी घरात होतो, बारा मिनिटांत हॉस्पिटल गाठलं. बेंगळूरहून पाचशे किलोमीटर यायला किती वेळ लागला असता, हे मनातून जाईना. बायकोला इथल्या कॉलेजात शिकवण्याची नोकरी लागली होती, तीही सोडायला लागली असती. मी राजीनामा दिला आणि पूर्ण घरून करायचं काम घेतलं. पगार तीस टक्के कमी. खर्च निम्म्याहून खाली आलेला, त्यामुळे शिल्लक जवळपास तेवढीच राहायची. मी स्वतःवर खूश होतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या कंपनीने आमची अख्खी टीम बंद केली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, दुपारपर्यंत लॅपटॉपचा ॲक्सेस गेला.

बेंगळूरला असतानाही माझी एक नोकरी गेली होती, २०१६ मध्ये. तेव्हा पूर्वीच्या टीममधल्या एकाबरोबर चहा प्यायला गेलो आणि तीन आठवड्यांत समोरच्या इमारतीत कामाला लागलो. ते भाडं कशाचं होतं, हे मला २०२४ मध्ये कळलं. बेळगावात उद्योग नाहीत असं नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, विमानाचे सुटे भागही आमच्याकडे बनतात. पण माझ्या कामाला इथे दुसरा मालक नाही. मधल्या काळात एका कारखान्याला स्टॉकचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर करून दिलं. मालक भले, पण त्यांचा पहिला प्रश्न, "एकदा बसवलं की परत पैसे द्यायला लागत नाहीत न्हवं?"

पाच महिने गेले. इंटरव्ह्यू सुरू झाला की आई कुकरचा गॅस बंद करायची, शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून. बाबांनी एका शब्दाने काही विचारलं नाही, पण माझ्या गाडीत पेट्रोल स्वतःच भरून आणायला लागले. मला तेच जास्त लागलं.

शेवटी काम मिळालं ते बेंगळूरच्या जुन्या मॅनेजरमुळे. २०१४ मध्ये रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळला होता, तेव्हा आम्ही शेजारी बसून तो उभा केला होता. ती रात्र त्यांच्या लक्षात होती. त्या रात्री मी जे शिकलो, ते व्हिडिओ कॉलवर मला कुणी शिकवू शकलं असतं असं वाटत नाही. अनुभवी माणूस चुकतो कसा आणि मग न घाबरता मागे मागे जाऊन शोधतो कसं, हे शेजारी बसूनच दिसतं.

आता कंपनीचं ऑफिस पुण्यात आहे. महिन्यातून तीन दिवस रात्रीच्या बसने जातो आणि मुद्दाम सगळ्यांबरोबर जेवतो. वर्षभराचा घरखर्च एफडीत बाजूला ठेवलाय, त्याला हात लावत नाही. मध्ये बेंगळूरहून चाळीस टक्के जास्त पगाराचं बोलावणं आलं होतं. दोन रात्री झोप लागली नाही. मग नाही म्हटलं. मुलगी पहिलीत आहे, शाळेतून आली की आज्जीच्या मागे मागे असते. आणि बाबांची रात्रीची गोळी मीच देतो.

चुलतभावाला मात्र स्पष्ट सांगितलं, तू जा. तो रागावलाच. "तू इथे आरामात राहायचं आणि मी पीजीत राहायचं होय?" मी म्हटलं, होय. मला ज्यांनी पाचव्या महिन्यात फोन केला, तसे फोन करणारे लोक तुझ्याकडे आज एकही नाहीत. ते जमेपर्यंत तिकडे राहा. घर कुठे जात नाही. काकू दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात त्याला बेंगळूरच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. वंदे भारतचं तिकीट काढतो म्हटलं, तर नको म्हणाला. साडेआठ तास दिवसाचे कशाला घालवायचे, रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी पोचतो आणि थेट खोल्या बघायला लागतो. काकूंनी कुंद्याचे दोन डबे आणलेत, एक त्याला आणि एक खोलीत जो कोणी जोडीदार मिळेल त्याला.