जुळलेल्या भावंडांतील भेद आणि पेप्टाइडांचे मापन

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना अंबरनाथ-बदलापूरच्या शेजारी, कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९ मध्ये या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. सिंधी समाजात बीटा-थॅलॅसीमियाच्या सदोष जनुकाचे वाहक भारतीय सरासरीहून अधिक प्रमाणात आढळतात. त्यामुळे वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या मुलांचा प्रश्न या नगरास परका नाही. मातापिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव २५ टक्के असतो.

रोग समूळ दूर करण्याचा रूढ उपाय म्हणजे अस्थिमज्जेचे प्रतिरोपण होय. त्यासाठी एच.एल.ए. रेणू जुळणारे सख्खे भावंड हा श्रेष्ठ दाता; परंतु तसा मेळ बसण्याचा संभवही प्रत्येक भावंडामागे २५ टक्केच असतो. शिवाय मेळ पूर्ण असूनही दात्याच्या टी-पेशी कधी कधी रोग्याची त्वचा, यकृत व आतडी यांवर हल्ला चढवितात. असे का व्हावे?

एच.एल.ए. रेणू पेशीच्या पृष्ठभागावर रिकामा नसतो. पेशीतील प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, तो आपल्या खोबणीत धरून टी-पेशींपुढे मांडतो. पहिल्या वर्गाच्या रेणूंतील पेप्टाइडे बहुधा आठ ते अकरा ॲमिनो अम्लांची असतात. एच.एल.ए. जनुके सहाव्या गुणसूत्रावर आहेत; इतर प्रथिनांची जनुके मात्र अन्य गुणसूत्रांवरून स्वतंत्रपणे वारशाने येतात. म्हणजेच खोबण तीच असूनही तीतील पेप्टाइड भिन्न असू शकते.

ही पेप्टाइडे प्रत्यक्ष ओळखण्याचे साधन म्हणजे द्रव्यमान वर्णपटमापक. प्रथम कोट्यवधी पेशी सौम्य प्रक्षालकाने विरघळवितात. प्रतिपिंडांच्या साहाय्याने एच.एल.ए. रेणू वेगळे करून अम्लाने त्यांतील पेप्टाइडे सोडवितात. वर्णलेखनाने त्यांचे पृथक्करण झाल्यावर त्यांना विद्युत् भारित करून द्रव्यमान व भार यांचे गुणोत्तर मोजले जाते. पुढे निष्क्रिय वायूच्या आघाताने पेप्टाइड मोडतात. लगतच्या तुकड्यांच्या द्रव्यमानांतील फरकावरून ॲमिनो अम्लांचा क्रम वाचता येतो. मात्र ल्यूसीन व आयसोल्यूसीन यांचे द्रव्यमान समान असल्याने या रीतीने त्यांतील भेद कळत नाही. डोनल्ड हंट व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये एच.एल.ए.-ए२ मधील पेप्टाइडांचे या तंत्राने अन्वेषण केले.

एल्स गूल्मी यांच्या व हंट यांच्या गटांनी १९९८ मध्ये 'एच.ए.-१' या प्रतिजनाचा उलगडा केला. नऊ ॲमिनो अम्लांच्या या पेप्टाइडात तिसऱ्या स्थानी काहींत हिस्टिडीन, तर काहींत आर्जिनीन असते. दोहोंच्या द्रव्यमानांतील अंतर सुमारे १९ एकके आहे. हिस्टिडीनयुक्त रूप ए२ रेणू नीट धरतो. आर्जिनीनयुक्त रूप जवळजवळ धरीतच नाही. म्हणून रोग्यात पहिले रूप असून दात्यात केवळ दुसरे असेल, तर दात्याच्या टी-पेशींस ते परके वाटते. याचे जनुक १९ व्या गुणसूत्रावर असल्याने एच.एल.ए.च्या तपासणीत हा भेद दिसत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा निष्कर्ष ए२ गटातील '०२:०१' या रूपाविषयीचा आहे. भारतीयांत '०२:११' हे रूपही बऱ्याच प्रमाणात आढळते. खोबणीतील थोडा बदलही पेप्टाइडांची निवड पालटू शकतो. म्हणून एका रूपावरील निष्कर्ष दुसऱ्यास गृहीत धरून लावता येत नाही. त्यासाठी त्या त्या रेणूतील पेप्टाइडांचेच मापन केले पाहिजे.