भिंत सोडली की मोल गेलं

पॅरिसमध्ये चालताना नजर जरा वर ठेवावी. रस्त्याच्या नावाच्या पाटीशेजारी किंवा एखाद्या कोपऱ्यावरच्या इमारतीवर, हात सहज पोचणार नाही अशा उंचीला, चौकोनी टाइल्सचा एक चिमुकला परग्रहवासी बसलेला दिसतो. हा 1978 साली जपानच्या ताइतो कंपनीनं आणलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या व्हिडिओ गेममधला. गेममध्ये तो पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी उमटायचा. इथे एका ठिपक्याला एक टाइल! ‘इन्व्हेडर’ एवढंच नाव लावणारा आणि चेहरा कधीच न दाखवणारा एक फ्रेंच कलाकार 1998 पासून अशी मोझेकं भिंतींवर लावत सुटलाय, बहुतेक वेळा परवानगीशिवाय. आपली वाराणसीही त्यातून सुटलेली नाही. मोझेकांचा आकडा 4000 कधीच ओलांडून गेला.

एवढं नाव झाल्यावर चोर येणारच. 2017 च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये चमकदार जॅकेटं घातलेली माणसं महापालिकेचे कामगार असल्याच्या थाटात मोझेकं उखडत होती. महापालिकेनं सांगितलं, ही आमची माणसं नव्हेत.

पण त्यांच्या हाती लागलं काय? टाइल पापडाच्या जातीची, आणि तिची भिंतीवरची पकड तिच्याहून चिवट. छिन्नी लावली की टाइलचे तुकडे होतात, भिंत सोडायला ती तयार नसते. मग चोरालाच बाजारातून तशाच टाइल्स आणून चित्र पुन्हा जुळवावं लागतं. म्हणजे विकायला निघालेला ‘अस्सल’ माल बराचसा चोराच्याच हातचा!

संग्राहकांसाठी इन्व्हेडरनं वेगळी सोय ठेवलीय. रस्त्यावरच्या मोझेकची तो एकच जुळी प्रत करतो, तिला ‘एलियस’ म्हणतो आणि सोबत प्रमाणपत्र देतो. 2014 मध्ये हाँगकाँगच्या प्रशासनानं त्याची बरीच मोझेकं काढून टाकली. त्यात ‘हाँगकाँग फूई’ हा कार्टूनमधला कुंग फू खेळणारा कुत्राही गेला. पुढच्याच वर्षी त्याची जुळी प्रत सदबीजच्या लिलावात जवळपास 20 लाख हाँगकाँग डॉलरना विकली गेली. भिंतीवरचं गेलं कचऱ्यात, आणि भिंत कधी न पाहिलेलं गेलं लिलावात. मला तर यात त्या कुत्र्याचाच विजय दिसतो.

याहून गमतीची गोष्ट चाहत्यांची. तुटलेलं मोझेक ते स्वतः टाइल्स जमवून, त्याच आराखड्यानं, त्याच जागी पुन्हा बसवतात आणि कलाकाराची संमती असेल तर तेच खरं मानलं जातं. त्यात त्याच्या हातची एकही टाइल नसली तरी चालतं, जागा मात्र तीच लागते. 2014 पासून ‘फ्लॅशइन्व्हेडर्स’ हे अॅपही निघालंय. मोझेकसमोर उभं राहून फोटो काढला की अॅप ते ओळखतं आणि 10 ते 100 गुण देतं. एका मोझेकचे गुण एकदाच मिळतात, त्यामुळे खेळाडूंना नवनवी गावं पालथी घालावी लागतात. अवघड जागाही कमी नाहीत: 2015 मध्ये एक मोझेक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन बसलं.