विषाने वाढणारा उजेड

पाण्यात विष मिसळले की त्यातला जीव मंदावतो, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. पण प्रकाश देणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत कधीकधी उलटेच घडते. पारा, कॅडमियम, तांबे यांसारख्या धातूंची मात्रा अगदी किंचित असली, तर त्यांचा उजेड मंदावण्याऐवजी वाढू शकतो. ही वाढ शुभ मानावी का? मला तसे वाटत नाही, आणि कारण या उजेडाच्या रसायनातच आहे.

असे एक जिवाणू म्हणजे ‘अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशरी’. हवाई बेटांभोवतीच्या समुद्रात एक चिमुकली माकूळ राहते. तिच्या पोटाकडच्या अवयवात त्यांची वस्ती असते आणि त्यांच्या उजेडामुळे चांदण्यात तिची सावली खाली पडत नाही. लुसिफरेज हे विकर, प्राणवायू, एक लांब साखळीचे अल्डिहाइड आणि फ्लेविन नावाच्या रेणूचे ऊर्जा बाळगणारे रूप यांच्या अभिक्रियेतून हा निळसर हिरवा प्रकाश निघतो. पेशी ज्या साठ्यातून श्वसन चालवते, त्यातूनच या प्रकाशासाठी ऊर्जा खर्च होते. म्हणून उजेड मोजला की पेशीच्या प्रकृतीचा अंदाज येतो.

अमेरिकेतल्या बेकमन कंपनीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस यावरून ‘मायक्रोटॉक्स’ ही चाचणी विकसित केली. गोठवून सुकवलेले जिवाणू जागे करायचे, २ टक्के मिठाच्या, १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात त्यांच्यावर नमुन्याचा प्रयोग करायचा आणि १५ किंवा ३० मिनिटांनी उजेड किती घटला ते पाहायचे. आज तिला आयएसओ ११३४८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पाऱ्यापुढे हा उजेड फार लवकर नमतो, कारण पारा प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटतो आणि विकरे निकामी करतो.

मात्रा उतरवत नेली की मात्रा आणि उजेड यांच्या आलेखाचे कमी मात्रेकडचे टोक मात्र काही वेळा वर उचललेले दिसते. या दुहेरी वागण्याला ‘हॉर्मेसिस’ म्हणतात. जर्मनीत ह्यूगो शुल्ट्झ यांनी १८८८च्या सुमारास यीस्टवर काम करताना पाहिले होते, की जंतुनाशकाची अल्प मात्रा आंबण्याची क्रिया वाढवते. त्यांनी त्याचा संबंध होमिओपॅथीशी जोडला आणि हा विषय बराच काळ संशयाने पाहिला गेला. हॉर्मेसिस हा शब्द १९४३ मध्ये अमेरिकेत साउदम आणि एर्लिक यांनी वापरला. त्यांचे काम सीडरच्या लाकडाचा अर्क आणि बुरशी यांच्यावर होते.

उजेड वाढतो कशाने? तांबे आणि जस्त पेशीला थोडे हवेच असतात, तेव्हा त्यांच्या बाबतीत हे पोषण असू शकते. पारा मात्र जिवाणूच्या कसल्याच कामाचा नाही. तिथे एक स्पष्टीकरण असे, की किरकोळ इजा होताच पेशी दुरुस्तीला लागते आणि ती गरजेपेक्षा जास्त करते. दुसरी शक्यता मला अधिक चिंतेची वाटते. श्वसनाची वाट थोडी अडली, तर उरलेला ऊर्जासाठा लुसिफरेजकडे वळू शकतो. मग उजेडातली वाढ हे आरोग्य नव्हे, तर बिघाडाचेच चिन्ह ठरते. म्हणून ‘थोडे विष औषध असते’ असा अर्थ या प्रयोगांतून काढणे मला चुकीचे वाटते.

आणि १५ मिनिटांत कळते तरी किती? पारा झटकन पकडला जातो, पण कॅडमियमचा परिणाम हळू होतो. शिवाय चाचणीच्या खाऱ्या पाण्यातले क्लोराइड कॅडमियमला बांधून ठेवते, त्यामुळे जिवाणूंपर्यंत पोहोचणारा मोकळा धातू घटतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.००३ मिलिग्रॅमच चालते. या जिवाणूंचा उजेड इतक्या वेळात निम्मा करायला त्याच्या हजारो पट मात्रा लागते. म्हणजे जे पाणी मूत्रपिंडाला वर्षानुवर्षे इजा करील, त्यातही हा दिवा शांतपणे जळत राहील.

यावर उपाय म्हणून आता जास्त वेळ चालणाऱ्या चाचण्या होतात. चीनमधल्या छिंगहाय सरोवराच्या माशातून मिळालेले ‘क्यू ६७’ हे जिवाणू त्यासाठी सोयीचे, कारण ते गोड्या पाण्याच्या नमुन्यांतही काम करतात. तासन्‌तास नोंदी घेतल्या की एकच मात्रा सुरुवातीला एक आणि नंतर दुसरेच वागताना दिसू शकते. म्हणूनच ठरावीक वेळी घेतलेल्या एकाच आकड्यावर पाण्याला निर्दोष म्हणू नये. धातूंचे रासायनिक मोजमाप सोबत हवेच, आणि विषाविना असलेल्या उजेडाच्या शंभर टक्क्यांहून जास्त उजेड दाखवणाऱ्या नोंदीही अहवालात जशाच्या तशा लिहिल्या जायला हव्यात.