पोस्टरवर सगळ्यांची नावं, एक सोडून

माणसाचा फोटो बघून त्याला काम देण्याची रीत वडशात इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. दसरा आला-गेला की गावोगावच्या नाट्यमंडळांची माणसं वडशाला येतात आणि नाटक कंपन्यांच्या ऑफिसांतून फिरतात. ऑफिस म्हणजे एक गाळा, एक टेबल, तारखांची वही आणि भिंतभर पोस्टर. नायिका कोण, विनोदी नट कोण, लावणीला कोण येणार, हे सगळं पोस्टरवरच्या चेहऱ्यांवर बोट ठेवून विचारलं जातं. तारीख मोकळी असेल तर भाव ठरतो, इसार दिला जातो आणि मंडईच्या जत्रेच्या किंवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री गावात नाटक लागतं. मुंबईतली एखादी जाहिरात एजन्सी आज मोबाइलवर फोटो सरकवत माणूस निवडते, तेव्हा ती याहून फार वेगळं काही करत नाही.

त्या पोस्टरवर लेखक असतो, दिग्दर्शक असतो, संगीतकार, प्रकाशयोजना, मंडप, सगळे असतात. ज्याच्या फोटोंवर हा सगळा बाजार चालतो तो फोटोग्राफर मात्र नसतो. इथल्या फोटोग्राफरच्या कामाचा गेल्या तीसेक वर्षांचा मागोवा घ्यायचा तर तो या न छापलेल्या नावापासूनच घ्यावा लागेल.

वडशाला हा बाजार का भरला, त्याचं कारण नकाशात आहे. नगर परिषदेच्या पाटीवर देसाईगंज आणि रेल्वेच्या पाटीवर वडसा असं दुहेरी नाव मिरवणारं हे गाव वैनगंगेच्या काठी, गोंदिया-बल्लारशा मार्गावर आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशन एवढं एकच. जिल्हा 1982 साली झाला, पण गाडी त्याच्या पुष्कळ आधीपासून इथे थांबत होती. वडसा-गडचिरोली हा नवा मार्ग मंजूर होऊन दशक उलटलं, काम अजून चालूच आहे. चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या चारही जिल्ह्यांतून येणाऱ्याला वडसा सोयीचं पडलं, म्हणून कंपन्या इथे बसल्या. त्यांच्यामागून छापखाने आले, नेपथ्यवाले आले, स्टुडिओही आले.

झाडीपट्टीत नाटक म्हणजे नुसतं नाटक नसतं. गावात नाटक लागलं की घरोघरी पाहुणे येतात, रात्रभर नाटक बघतात, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कुणाच्या तरी पोरीची गोष्ट निघते. कित्येक सोयरिकी याच मुक्कामात जुळतात. हिवाळ्यात नाटक, उन्हाळ्यात लग्न. फोटोग्राफरचं वर्ष याच चाकावर फिरत आलं. नाटकाच्या सिझनमध्ये कलाकारांचे फोटो काढायचे, आणि त्याच सिझनमध्ये जुळलेल्या लग्नांचे फोटो मे महिन्यात काढायचे. त्याला जाहिरातीची गरज नव्हती. मागच्या लग्नात ज्यानं बरा अल्बम दिला, त्याला पुढच्या लग्नाचा निरोप यायचा.

रोलच्या काळात एका रोलला 36 फोटो असत. चूक परवडत नसे. रंगीत फोटो धुवायला मोठ्या गावच्या लॅबकडे पाठवायचे आणि वाट बघायची. मागे रंगवलेला पडदा, दोन दिवे, छत्री. कलाकार मेकअप करून बसला की चार मुद्रा घ्यायच्या, हसरी, रडवी, रागावलेली आणि एक साधी. मग छापखान्यात चेहरे कात्रीनं कापून पोस्टर जुळवलं जाई. पुढे कात्रीच्या जागी संगणक आला आणि कागदी पोस्टरच्या जोडीला फ्लेक्स आला, पण रडवा चेहरा डाव्या कोपऱ्यात आणि रागावलेला उजव्या कोपऱ्यात ही मांडणी हलली नाही. एकदा काढलेला फोटो तीन-तीन सिझन चाले. कलाकार जाडा होई, पोस्टरवरचा मात्र तसाच राही.

छापखान्याचं नाव त्या पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत का होईना, असायचंच. त्यात छापखान्यावर कुणाचं प्रेम नव्हतं. छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण असलंच पाहिजे, असं इंग्रजांनी 1867 च्या कायद्यात लिहून ठेवलं होतं, छापखान्यांवर नजर ठेवता यावी म्हणून. सरकारला ज्याची भीती होती त्याचं नाव छापून आलं. फोटोग्राफरची भीती कुणालाच नव्हती.

मग फोटोग्राफरनं ओळखलं जायचं कुठे? मुंबईत. तिथे छायाचित्रकारांची संस्था 1854 सालीच उभी राहिली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार होते. शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही वाट तीच राहिली. गौतम राजाध्यक्ष 1974 साली लिंटास या जाहिरात संस्थेत शिरले, तिथल्या छायाचित्र विभागाचे प्रमुख झाले, 1980 च्या सुमारास नटनट्यांची व्यक्तिचित्रं टिपू लागले, आणि मासिकांतून ती छापून आल्यावर त्यांचं नाव घरोघरी गेलं. गुण त्यांच्यात होतेच. पण ते गुण बघणारी माणसं त्याच इमारतीत बसत होती, हेही खरं. सुधारक ओलवे आपल्या विदर्भातले, अकोल्याचे. मुंबईच्या सफाई कामगारांवरच्या त्यांच्या कामानं त्यांना ओळख दिली आणि 2016 साली पद्मश्री मिळाली. तीही मुंबईत राहूनच. वडशात राहून हे झालं असतं का, असं विचारलं तर मी स्पष्ट नाही म्हणेन.

डिजिटल कॅमेरा आला तेव्हा पहिली मोडली ती रोलची काटकसर. ओळखीचा प्रश्न तसाच राहिला. 2007 साली बंगळुरूत कॅनव्हेरा नावाची कंपनी निघाली. ती फोटोग्राफरांसाठी छापील फोटोबुक करून देई आणि पुढे त्यांची ऑनलाइन यादीही ठेवू लागली. लग्नाच्या फोटोग्राफरला ग्राहकानं इंटरनेटवर शोधावं, ही कल्पना देशात रुजवणाऱ्यांपैकी ती एक. 2014 साली आलेल्या वेडमीगुडसारख्या साइटनं तोच धंदा वाढवला. पण या साइटवर शोध शहराच्या नावानं होतो, आणि विदर्भ म्हटलं की नागपूर. नागपूरच्या फोटोग्राफरला वडशाचं लग्न मिळू शकतं. वडशाच्या फोटोग्राफरला नागपूरचं लग्न मिळावं, अशी सोय त्या रचनेत कुणी केलीच नव्हती.

खरा बदल झाला तो 5 सप्टेंबर 2016 नंतर. जिओचं सिम आलं आणि डेटा पाण्यासारखा वाहू लागला. नाटकाचं पोस्टर भिंतीवर लागण्याआधी व्हॉट्सअॅपवर फिरू लागलं. मंडळाची पोरं वडशाला येण्याआधीच यूट्यूबवर नटाचा प्रवेश बघून येऊ लागली. फोटोग्राफरलाही पहिल्यांदाच स्वतःची भिंत मिळाली, फेसबुकवर आणि मग इन्स्टाग्रामवर. त्या नव्या भिंतीवर त्यानं काय केलं? फोटोच्या मधोमध आपलं नाव आणि मोबाइल नंबर एवढ्या मोठ्या अक्षरांत टाकला की नवरा-नवरी त्यामागे दिसेनाशी झाली. हसू येतं, पण त्याला दोष देता येत नाही. आजवर नाव कुठे छापलंच गेलं नव्हतं. संधी मिळाल्यावर माणूस ते ठळकच छापणार.

2020-21 चा सिझन करोनानं खाल्ला. नाटकं नाहीत, लग्नं पन्नास माणसांत. ज्यांचं घर कॅमेऱ्यावर चालत होतं त्यांनी काय-काय केलं ते त्यांनाच ठाऊक. पण त्याच रिकाम्या काळात बरीच पोरं एडिटिंग शिकली, रील शिकली, आणि लग्नांवर पुन्हा गर्दी झाली तेव्हा प्री-वेडिंगचा जोर आला. वैनगंगेचा घाट, धानाचे बांध, पळसाचा फुलोरा, ही सगळी फुकटची नेपथ्यं कामाला लागली. याच रील बघून पुढे गावातला सराफ, ट्रॅक्टरचा शोरूम, साडीचं दुकान फोन करू लागलं. ब्रँड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मोठी नावं येतात. आमच्याकडचे पहिले ब्रँड हे होते, आणि त्यांनी पैसे रोख दिले.

मोठी नावं मात्र आपले फोटोग्राफर सोबत घेऊन येत राहिली. वडशापासून जवळच्या आरमोरीचा टसर कोसा नामांकित आहे. ऐनाच्या झाडावर वाढणारी अळी, कोष, सूत, माग, फोटोसाठी याहून सुंदर मालिका कुठे मिळेल? ताडोब्यात मोहर्ली आणि कोलारा गेटबाहेर रिसॉर्टांची रांग आहे. त्यांना वाघापासून थाळीपर्यंत सगळ्याचे फोटो लागतात. शिवाय बातम्या आहेतच. सीटी-1 या नावानं नोंदलेला, तेरा माणसांचे बळी घेणारा वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये वडशाच्या जंगलात जेरबंद झाला, तेव्हा वडशाचं नाव देशभर गेलं. त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती गडचिरोलीत फिरू लागले. या सगळ्याच्या सर्वांत जवळ कॅमेरा कुणाकडे होता? ज्याला नाला कुठे, पायवाट कुठे, गावात कुणाला विचारायचं हे ठाऊक आहे, त्याच्याकडे. तरी काम बहुधा बाहेरच्याला जातं आणि जवळच्याला वाट दाखवण्याचे पैसे मिळतात.

झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना 2023 च्या जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली. त्याआधीच्या वर्षी तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा सिनेमा आला होता. या रंगभूमीकडे बाहेरचं लक्ष वळलं, आणि संपादकांना रंगमंचावरच्या खुण्यांचे बरे फोटो हवे झाले असणार. असे फोटो वडशात, कुरखेड्यात, जुन्या स्टुडिओंच्या डब्यांत असायला हवेत. त्यांच्यावर ना नाव, ना तारीख, ना नाटकाचं नाव. निगेटिव्ह दमटपणानं चिकटल्या असतील तर तेवढा इतिहास गेला. फोटोग्राफर सापडत नाही म्हणजे फक्त त्याचीच मजुरी बुडते असं नाही.

बाहेरच्या मोठ्या बाजारातही सगळं आलबेल नाही, हे इथल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं. आयईएम ही बर्लिनची कंपनी 2011 साली निघाली. हौशी आणि होतकरू फोटोग्राफरांनी फोटो टाकायचे, ब्रँडनी विषय द्यायचे, निवडलेल्याला काम मिळायचं, अशी तिची रीत. पुष्कळांना त्यातून पहिली कमाई झाली. 2023 साली कंपनी दिवाळखोरीत गेली, फ्रीपिक या चित्रसाठ्याच्या कंपनीनं ती घेतली, आणि 2024 मध्ये अटी बदलल्या: टाकलेले फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरले जातील, नको असेल त्यानं मुदतीत ते काढून टाकावेत. परक्याच्या भिंतीवर पोस्टर लावलं की भिंत कधी रंगवायची ते मालक ठरवतो.

याउलट पी. साईनाथ यांनी डिसेंबर 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव असतं, मराठीतही. तो काही ब्रँडचा बाजार नव्हे. पण खेड्यातल्या कामाला नाव देऊन जगापुढे ठेवता येतं, हे त्यानं दाखवून दिलं.

आता थोडं कायद्याचं, कारण ते स्टुडिओत कुणी सांगत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 म्हणतं की पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जाते. म्हणजे लग्नाचा अल्बम लग्नवाल्यांचा आणि नाटकाचा फोटो कंपनीचा. पण कलम 57 असंही म्हणतं की मालकी गेली तरी ‘हे माझं काम’ असं सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. या दोन कलमांच्या मधली जागा दोन ओळींच्या करारानं भरता येते. फोटो कुठे वापरणार, किती काळ, आणि नाव कुठे येणार. व्हॉट्सअॅपवरचा लेखी होकारसुद्धा तोंडी शब्दापेक्षा बरा. आमच्याकडे मात्र ओळखीत लिहून घेणं म्हणजे अविश्वास समजतात, आणि धंद्याचं सर्वांत मोठं नुकसान या समजुतीनं केलं असं माझं मत आहे. नाटकाचा इसार वहीत लिहिला जातो, तेव्हा कुणाला राग येत नाही!

शोधणाऱ्याला सापडावं यासाठी आज लागतं ते फार थोडं. दोनशे लग्नांच्या रीलपेक्षा कोशाच्या मागावरचे, धानाच्या मळणीचे, रंगमंचामागच्या मेकअपचे निवडक वीस फोटो एका ठिकाणी असावेत. खाली गावाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, ‘वडसा’ आणि ‘देसाईगंज’ अशी दोन्ही नावं, कारण शोधणारा कोणतं टाईप करेल सांगता येत नाही. दिवसाचा दर उघड लिहिलेला, फोन उचलला जाणारा. हे करणारी पोरं आता दिसू लागली आहेत. त्यांना कामं मिळताहेत ती अजून सराफाची आणि रिसॉर्टची, पण मिळताहेत.

तेव्हा विनंती दोघांना. गडचिरोली-चंद्रपुरात कोसा, बांबू, जंगल किंवा खाण दाखवायला येणाऱ्या कंपन्यांनो, नागपूर-मुंबईहून गाडी भरून माणसं आणण्याआधी एकदा वडशाच्या स्टेशनाबाहेर चौकशी करा. आणि वडशाच्या नाटक कंपन्यांनो, येत्या सिझनच्या पोस्टरवर मंडपवाल्याच्या नावाखाली एक ओळ वाढवा: छायाचित्रं, आणि पुढे त्याचं नाव.