रद्दीखालची फेरारी

तुमच्या घरातल्या माळ्यावर रद्दी असेलच. जुने दिवाळी अंक, दहावीची गाईडं, कुणाच्या तरी लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. आता अशी कल्पना करा, की तुम्ही तो ढीग बाजूला सारलात आणि खालून फेरारी निघाली. तीही शंभर कोटींच्या वरची!

काहीही फेकतोय, असं म्हणाल. पण २०१४ मध्ये पश्चिम फ्रान्समध्ये हे खरंच झालं. तिथल्या बायों कुटुंबाच्या वारसांनी आर्टक्यूरियल या पॅरिसच्या लिलाव कंपनीला फोन केला. आजोबांच्या जुन्या गाड्या पडून आहेत, जरा बघून जाता का, एवढंच. कंपनीची माणसं पोहोचली, तर तिथे साठेक गाड्या! पत्र्याच्या उघड्या शेड, काही गाड्यांवर वेली चढलेल्या, काहींचे पत्रे गंजून भोकं पडलेली. एका बंद गॅरेजमध्ये मात्र दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक मासेराती. आणि तिच्या बाजूला जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली गडद निळी, उघड्या टपाची फेरारी.

चेसिस नंबर २९३५ जीटी. १९६१ सालची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर. नाव लांबलचक आहे, पण ते समजून घ्या. २५० म्हणजे एका सिलिंडरची क्षमता, साधारण अडीचशे सीसी. असे बारा सिलिंडर, म्हणजे झालं तीन लिटरचं व्ही-१२ इंजिन. त्या काळची फेरारी गाड्यांना अशीच नावं द्यायची. आकड्यांत नाव, अगदी सरकारी जीआरसारखं. स्पायडर म्हणजे उघडी गाडी. आणि कॅलिफोर्निया का? कारण गिऱ्हाईक तिकडचं होतं. ऊन, समुद्र, हॉलिवूड आणि खिशात डॉलर. गाडीचं रूप पिनिनफारिनाचं, बॉडी हाताने ठोकून घडवली ती मोडेनाच्या स्कालिएत्ती वर्कशॉपने. दोन चाकांमधलं अंतर कमी असलेल्या, म्हणजे ‘शॉर्ट व्हीलबेस’ कॅलिफोर्निया पन्नासच्या वर थोड्याच बनल्या. त्यातही हेडलाइटवर काचेचं आवरण असलेल्या फक्त ३७. ही त्या ३७ मधली एक.

आणि ही अलां देलोंची होती.

देलों कोण, असा प्रश्न पडला असेल तर घरातल्या सिनेमावेड्या काकाला विचारा. तो एक उसासा टाकेल आणि मग अर्धा तास बोलेल. साठच्या दशकातला फ्रान्सचा सगळ्यात देखणा हिरो. ‘ले सामुराई’मध्ये हॅट आणि रेनकोट घालून तो नुसता चालत जातो, तरी नजर हटत नाही. ही फेरारी आधी जेरार ब्लँ या दुसऱ्या फ्रेंच नटाकडे होती, त्याच्याकडून ती देलोंकडे आली. १९६४ च्या ‘ले फेलां’ या सिनेमाच्या दिवसांतला एक फोटो आहे, त्यात देलों आणि जेन फोंडा याच गाडीत बसलेले दिसतात. एका फोटोत शर्ली मॅकलेन आहे. हे फोटो लक्षात ठेवा. पुढे सगळा खेळ त्यांच्यावर आहे.

देलोंने पुढे गाडी विकून टाकली. रडारड नाही, काही नाही. तेव्हा ती जुनी झालेली एक गाडी होती. नवीन मॉडेल आलं की आपण जुना फोन एक्स्चेंजला देतो, तसंच. ‘क्लासिक’ हा शब्द तिला कुणी लावला नव्हता. १९७१ मध्ये ती रोजे बायों यांच्याकडे आली. हे ट्रकच्या धंद्यातले माणूस. जुन्या गाड्या जमवायच्या, त्या नीट करायच्या आणि एक म्युझियम काढायचं, हे त्यांचं स्वप्न होतं. इजिप्तचा राजा फारूक याची टॅल्बो-लागोसुद्धा त्यांनी मिळवली होती. पण सत्तरच्या दशकात धंदा बसला. पन्नासेक गाड्या विकाव्या लागल्या. उरलेल्या तिथेच राहिल्या. म्युझियम झालं नाही, गाड्यांना कुणी हातही लावला नाही. रोजे गेले, मग २०१३ मध्ये त्यांचा मुलगा गेला, आणि नातवंडांनी फोन उचलला.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे म्युझियम. नट गाडी दोन-तीन वर्षं वापरतो आणि नाव त्याचं राहतं. ज्याने ती भंगारात जाऊ दिली नाही, त्याचं नाव बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात येतं. मीही तेच केलंय म्हणा, वर मोजून बघा.

६ फेब्रुवारी २०१५. पॅरिसमध्ये रेट्रोमोबिल हे जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे लिलाव झाला. गाड्या धुतल्या नव्हत्या. होय, मुद्दाम! धूळ, गंज, जाळी जशीच्या तशी. फेरारीचा अंदाज होता ९५ लाख ते १ कोटी २० लाख युरो. हातोडा पडला आणि कमिशन धरून आकडा झाला १ कोटी ६२ लाख ८८ हजार युरो. तेव्हाच्या दराने रुपयांत शंभर कोटींच्या बऱ्याच वर. सगळ्या गाड्या मिळून अडीच कोटी युरो जमले, त्यातले जवळपास दोन तृतीयांश एकट्या या रद्दीखालच्या बाईसाहेबांचे.

आता तुमच्यातला हिशोबी माणूस विचारेल, की यात गाडीचे किती आणि देलोंचे किती? प्रश्न बरोबर आहे. याच मॉडेलची, याच सालची आणखी एक कॅलिफोर्निया त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत पेबल बीचच्या लिलावात १ कोटी ६८ लाख डॉलरला गेली. देलोंच्या गाडीची किंमत डॉलरमध्ये मोजली तर १ कोटी ८० लाखांच्या पुढे जाते. म्हणजे छान ठेवलेली गाडी मागे पडली आणि वर्षानुवर्षं न चाललेली पुढे गेली. अर्थात या फरकात नुसतं देलोंचं नाव नाही. गॅरेजची गोष्ट आहे, रद्दी आहे, आणि ‘हिला कुणी हात लावलेला नाही’ हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. जुन्या गाडीच्या बाजारात एक गोष्ट वारंवार सांगतात. गाडी कितीही वेळा रिस्टोअर करता येते, पण अस्सल ती एकदाच असते. मूळ रंग खरवडला की गेला. मूळ सीटचं चामडं बदललं की ज्या चामड्यावर जेन फोंडा बसली होती ते गेलं. (हे वाचून हसू नका, लोक यासाठी पैसे मोजतात.)

नावाचा भाव वेगळा काढून बघायचा असेल तर स्टीव्ह मॅक्वीनची गाडी घ्या. ‘बुलिट’मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरच्या पाठलागाचा तो हिरो. त्या सिनेमाच्याच काळात त्याने फेरारी २७५ जीटीबी/४ घेतली आणि हवा तसा लाल रंग मारून घेतला. पुढे एका मालकाने तिचं छप्पर कापून तिला उघडी गाडी केली! नंतर आलेल्या मालकाने ती फेरारीच्या कारखान्यात, मारानेल्लोला नेऊन पुन्हा छप्पर बसवून घेतलं. म्हणजे ‘अस्सल’च्या परीक्षेत ही गाडी काठावर पास. तरीही ऑगस्ट २०१४ मध्ये ती १ कोटी १ लाख ७५ हजार डॉलरला गेली. कुणाचंही नाव न चिकटलेल्या तशाच गाड्या तेव्हा तीस-चाळीस लाख डॉलरला मिळत होत्या. बाकीचे पैसे कशाचे, तुम्हीच सांगा.

आणि एल्विस प्रेस्लीची गोष्ट तर भन्नाटच आहे. त्याच्याकडे दे टोमासो पँटेरा होती. अंग इटालियन, इंजिन अमेरिकन फोर्डचं. एके दिवशी गाडी चालूच होईना. आपण काय करतो? टायरला लाथ मारतो, मेकॅनिकला फोन लावतो. एल्विसने पिस्तूल काढलं आणि गाडीवर गोळ्या झाडल्या. ती गाडी पुढे लॉस एंजेलिसच्या पीटरसन म्युझियममध्ये पोहोचली. गोळ्यांच्या खुणांसकट. त्या खुणा बुजवायच्या असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, कारण दुसऱ्या कुठल्या पँटेरावर एल्विसची सही अशी नाही. तुमच्या-माझ्या गाडीला पार्किंगमध्ये ओरखडा पडला, तर रीसेलमध्ये पाच हजार कमी. एल्विसने भोक पाडलं, तर म्युझियम.

पण मग कुणीही उठून म्हणेल, ‘ही गाडी अमुक हिरोची होती’! इथेच ते फोटो कामाला येतात. आपल्याकडे आरसी बुकवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो ना, तसे हेही नंबर असतात. कारखान्यातून निघताना ज्या चेसिसमध्ये जे इंजिन होतं तेच आजही आहे का, हे आधी तपासतात. त्याला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात. जुन्या फेरारी तपासून त्यांना दाखला द्यायला कंपनीने फेरारी क्लासिके असा वेगळा विभागच ठेवलाय. पण दाखला सांगतो गाडी अस्सल आहे की नाही एवढंच. तिच्यात कोण बसलं होतं त्यासाठी लागतात कागद. विक्रीची पावती, विम्याचं पत्र, नंबरप्लेट दिसणारा फोटो. देलोंच्या गाडीचं भाग्य असं, की हिरोचे फोटो काढणारे सतत मागे असायचे. ज्यांना तो कदाचित वैतागलेला असेल, त्यांनीच गाडीची किंमत वाढवून ठेवली.

आता आपल्याकडे या. आपल्यालाही एक सेलिब्रिटी फेरारी माहीत आहे, आणि तिच्याबद्दल बहुतेकांचं ठाम मतही आहे. २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीतर्फे त्याला फेरारी ३६० मोडेना मिळाली, आणि किल्ली द्यायला खुद्द मायकेल शूमाकर. लाल रंग, शिवाजी पार्कचा मुलगा, अजून काय हवं! पण गाडी भारतात आणायची तर कस्टम ड्युटी होती एक कोटीच्या वर. सरकारने ती माफ केली आणि मग जे पेटलं ते तुमच्या आईबाबांना विचारा. कोट्यधीशाला सूट का, म्हणून ओरड झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, शेवटी ड्युटी फियाटने भरली. २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. पुढच्याच वर्षी राजेश मापुस्कर या आपल्या मराठी दिग्दर्शकाचा ‘फेरारी की सवारी’ आला. त्यात आरटीओतला एक पापभीरू कारकून मुलाच्या क्रिकेटसाठी सचिनची गाडी गुपचूप नेतो. सिनेमात सचिन दिसत नाही. गाडी दिसते, तेवढं पुरतं.

३६० मोडेना अजून काही ‘क्लासिक’ म्हणण्याइतकी जुनी नाही आणि कॅलिफोर्नियाइतकी दुर्मीळ तर मुळीच नाही, ती हजारोंनी बनली. पण शूमाकरने सचिनला दिलेली एकच. आणखी चाळीस वर्षांनी तिचा भाव काय होईल, यावर मित्रांत पैज लावायला हरकत नाही. फक्त कागद जपलेले असले पाहिजेत.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आपल्यापैकी कुणाच्या गॅरेजमध्ये फेरारी नसेल. पण गावच्या वाड्यात ताडपत्रीखाली एखादी प्रीमियर पद्मिनी उभी असू शकते. तीही मूळची इटालियनच, फियाटची ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. एखादी आजोबांची लॅम्ब्रेटा असेल. तर उत्साहाच्या भरात पाइप लावून धुवायला घेऊ नका आणि नवा रंग तर अजिबात नको. आधी आहे तशी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. चेसिस नंबर शोधून लिहून ठेवा. मग कपाटं उघडा. आरसी बुक, पेट्रोलच्या पावत्या, मावशीच्या लग्नातला तो फोटो ज्यात मागे गाडीचं नाक दिसतंय, सगळं एका फाइलमध्ये लावा. त्यात कुणी हिरो बसला नसेल, पण कोण बसलं होतं हे सांगणारी माणसं घरात अजून आहेत, तोवर विचारून घ्या.

आणि हो, सचिनचं राहिलंच. २०२० मध्ये एका मुलाखतीत त्याने लोकांना आवाहन केलं होतं, की माझी एक जुनी गाडी माझ्याकडे नाही, ती मला परत हवी आहे, कुणाला माहिती असेल तर कळवा. ती फेरारी नव्हती. त्याची पहिली मारुती ८०० होती.