चमकणारी गाडी जपलेली असतेच असं नाही

गाडीचा रंग म्हणून आपण ज्यावर हात फिरवतो तो रंग नसतोच. आजच्या बहुतेक कारच्या पत्र्यावर चार थर असतात. पत्र्याला लागून गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. चारही मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. ऊन, पाऊस, धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि आपलं फडकं, या सगळ्यांशी गाठ या एकाच थराची असते. तो शाबूत आहे तोवर खालचा रंग टिकतो. तो गेला की टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे येतात, आणि पुन्हा रंगकाम करण्यावाचून इलाज उरत नाही.

गाडीच्या निगेबद्दल ऐकू येणारे बहुतेक सल्ले चमक वाढवण्याचे असतात. हा थर वाचवण्याचे फार थोडे. आणि गडबड इथेच होते, कारण चमक अनेकदा हाच थर खरवडून मिळवलेली असते.

गैरसमज : रोज पुसली की गाडी नवी राहते

मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये रोज सकाळी गाड्या पुसल्या जातात. एक बादली, एक फडकं आणि ओळीने उभ्या गाड्या. मालक खाली येतो तेव्हा गाडी लख्ख असते. पण क्लिअर कोटचं मोठं नुकसान या रोजच्या पुसण्यानेच होतं.

रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्ज मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. जो कण काचेवर ओरखडा काढतो त्याच्यापुढे क्लिअर कोटचा काय पाड लागणार? कोरडं फडकं धूळ उचलत नाही, ती पत्र्यावरून फरपटत नेते. ओल्या फडक्याची गतही फार वेगळी नसते, कारण आधीच्या गाड्यांची माती त्याच बादलीत आणि त्याच फडक्यात असते. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर उन्हात नीट पाहिलं तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. ते या पुसण्याचं देणं. पांढऱ्या गाडीवरही ते असतं, फक्त दिसत नाही. धूळ झटकायच्या लांब धाग्यांच्या झटकणीनेही हेच होतं.

दोष पुसणाऱ्याचा नाही. कमी पैशांत आणि कमी वेळात इतक्या गाड्या उरकायच्या तर तो आणखी काय करणार? आपण त्याला आपल्या गाडीसाठी वेगळी बादली आणि दोन मायक्रोफायबर कापडं द्यावीत, आणि रोज फक्त काचा व आरसे पुसायला सांगावं. बाकी गाडी आठवड्यातून एकदा धुवावी. आधी नुसत्या पाण्याचा मारा करून धूळ उतरवायची आणि मगच हात लावायचा. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. सुरुवात टपापासून करायची आणि चाकं व दारांचा खालचा भाग शेवटी घ्यायचा, कारण सगळी रेती तिथे असते. जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा गाडीला लावू नये. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नये, त्याने धाग्यांची पाणी आणि धूळ धरून ठेवायची ताकद जाते.

गैरसमज : भांड्यांचा साबण काय, कपड्यांची पावडर काय, फेस झाला की झालं

भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे गाडीवर लावलेलं संरक्षक मेण तो इमानाने काढून टाकतो. एका धुण्याने रंग उडत नाही, पण क्लिअर कोट उघडा पडतो. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. ती त्याहून तीव्र, शिवाय न विरघळलेले दाणे घासले जातात ते वेगळंच. कार शाम्पूची एक बाटली कित्येक महिने पुरते, तिथे काटकसर नको. रॉकेल किंवा डिझेलचा हात मारून आणलेली चमक म्हणजे नुसता तेलाचा पातळ पापुद्रा असतो. त्यावर धूळ दुप्पट बसते आणि दारांची रबरं खराब होतात.

गैरसमज : पावसात गाडी आपोआप धुऊन निघते

पाऊस धूळ भिजवतो, काढत नाही. पुढच्या गाडीने उडवलेला चिखल, कोकणात तांबडी माती, किनाऱ्यालगत खारी हवा, हे सगळं पाऊस थांबला की पत्र्यावर वाळून बसतं. पावसाळ्यात गाडी धुवायची गरज कमी होत नाही, वाढते. ओल्या गाडीवर कव्हर घालणं तर टाळाच. आत ओल कोंडते, आणि वाऱ्याने फडफडणारं कव्हर खालची माती पत्र्यावर घासत राहतं. कव्हर घालायचं ते स्वच्छ आणि कोरड्या गाडीवर.

बोअरच्या पाण्याकडे तेवढंच लक्ष हवं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. भर उन्हात गाडी धुतली की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ताजे डाग पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून पुसले आणि लगेच धुतले तर जातात. महिनोन् महिने राहिले तर क्लिअर कोटमध्ये खड्डा करतात आणि मग पॉलिशशिवाय निघत नाहीत. म्हणून गाडी सावलीत, बॉनेट गार असताना धुवा, आणि धुतल्यावर लगेच टिपून कोरडी करा.

पक्ष्यांच्या विष्ठेचा डाग रविवारच्या धुण्यापर्यंत ठेवू नका. तिच्यात युरिक आम्ल असतं, आणि उन्हाने तापून मऊ झालेल्या क्लिअर कोटमध्ये तिचा ठसा काही तासांतही उमटू शकतो. ओला कागदी रुमाल त्यावर काही मिनिटं ठेवून मऊ करा आणि मग उचलून घ्या. वाळलेली विष्ठा नखाने खरवडू नका. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांतला चिकटा ओळखीचा असेल. तो आंब्यावरच्या तुडतुड्यांचा गोड स्राव असतो. तोही कोमट पाण्याने त्याच दिवशी काढलेला बरा. दसऱ्याच्या पूजेनंतर बॉनेटवरचं ओलं हळदकुंकू आणि झेंडूची माळ संध्याकाळी उतरवून पाण्याचा हात फिरवावा. भिजलेली फुलं दिवसेंदिवस पत्र्याला चिकटून राहिली की डाग धरतात.

गैरसमज : दरवर्षी रबिंग-पॉलिश केलं की रंगाचं आयुष्य वाढतं

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रबिंग कंपाउंड म्हणजे बारीक खरखरीत कणांची पेस्ट. ओरखडा ती भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या पातळीला आणते, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. मशीनवर जोरात केलेल्या एका कामात काही मायक्रॉन थर जातो. मुळात शिल्लक किती, तर पस्तीस ते पन्नास. त्यातच अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं असतात, तीही त्या थराबरोबर कमी होतात. पाच-सहा वर्षं दर दिवाळीला रबिंग केलेल्या गाडीचा टप एका उन्हाळ्यात पांढरा पडतो तेव्हा मालक उन्हाला दोष देतो. ऊन पहिल्या वर्षीही तेच होतं. पाच-सहा दिवाळ्यांनी अडवणारा थर संपवलेला असतो.

रबिंग निषिद्ध नाही. ओरखडे फार झाले असतील तर गाडीच्या आयुष्यात एकदोनदा, जाणत्या माणसाकडून करावं. त्याच्याकडे थराची जाडी मोजायचं यंत्र आहे का, हे आधी विचारा. न मोजता मशीन लावणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये. नख फिरवल्यावर अडकतं असा ओरखडा रबिंगने जात नाही. त्यामागे लागलं तर सगळा क्लिअर कोट उतरेल. तिथे टचअप करून पत्रा झाकावा, एवढंच शहाणपण.

गैरसमज : कोटिंग केलं, आता काळजी मिटली

शोरूममध्ये नवी गाडी घेताना टेफ्लॉन कोटिंग हमखास पुढे केलं जातं. तव्यावरचं टेफ्लॉन भट्टीच्या उष्णतेत पत्र्यावर बसवलेलं असतं, आणि हा पदार्थ वितळतो सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला. तेवढी उष्णता रंगवलेल्या गाडीला देताच येत नाही. त्यामुळे गाडीवर जे लागतं ते वागणुकीने मेणासारखंच असतं. काही महिने पाणी घरंगळतं, मग ते झिजतं. साधं चांगलं मेण दर तीन-चार महिन्यांनी स्वतः लावलं तरी हेच काम होतं.

सिरॅमिक कोटिंग यापेक्षा खरोखर टिकाऊ आहे. सिलिकावर आधारलेला हा थर घट्ट चिकटतो, पाणी आणि घाण धरू देत नाही, विष्ठा आणि क्षारांना थोडा वेळ अडवतो. पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनची, कधी त्याहून कमी. दगड उडून येणारा टवका तो रोखू शकत नाही. जाहिरातीतलं '९ एच' ऐकून तो हिऱ्याच्या जवळपासचा असेल असं वाटतं. हे माप पेन्सिलींच्या चाचणीचं आहे. ९ एच कठीणपणाच्या पेन्सिलीने ओरखडा पडला नाही, इतकाच त्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असतो, म्हणून घाणेरड्या फडक्याने सिरॅमिकवरही ओरखडे पडतात. कोटिंगच्या आधी गाडीवर जे ओरखडे असतील ते तसेच त्याखाली बंद होतात, हेही लक्षात घ्या.

खडीच्या रस्त्यांवरून जाणारी गाडी असेल आणि खर्च झेपत असेल तर खरं संरक्षण पीपीएफचं, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मचं. पॉलियुरेथेनची ही फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या थरांच्या बेरजेइतकी किंवा त्याहून जास्त. पूर्ण गाडी परवडत नसेल तर बॉनेटचा पुढचा भाग आणि बंपर एवढं केलं तरी पुष्कळ.

नव्या गाडीला महिनाभर मेण लावू नये, असंही सांगितलं जातं. पण कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांवर भट्टीत भाजलेला असतो, तो पूर्ण पक्का होऊनच बाहेर पडतो. थांबायचं ते अपघातानंतर गॅरेजात रंगवलेल्या भागासाठी, कारण तिथे उष्णता बरीच कमी असते आणि रंगातली द्रावणं उडून जायला काही आठवडे लागतात.

गैरसमज : हेडलाइटला टूथपेस्ट चोळली की काम झालं

रंग खराब झाला तर गाडी वाईट दिसते. हेडलाइट धुरकटला तर माणसं मरू शकतात. म्हणून ही गोष्ट सजावटीच्या यादीतून काढून ब्रेक आणि टायरच्या शेजारी ठेवली पाहिजे.

अ‍ॅम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनीचे गोल दिवे काचेचे होते, ते पिवळे पडत नसत. आजच्या दिव्यांचं आवरण पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचं असतं. हलकं, सहज न फुटणारं, हव्या त्या आकाराचं, पण अतिनील किरणांपुढे दुबळं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ पारदर्शक संरक्षक थर देतात. तो उन्हाने आणि रेतीने झिजला की खालचं प्लॅस्टिक पिवळं पडून धुरकटतं. उघड्यावर लावलेल्या गाडीत याची सुरुवात तीन ते पाच वर्षांतही होते. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१८ मध्ये मोजमाप केलं, तेव्हा अशा खराब दिव्यांतून नव्याच्या तुलनेत फक्त २२ टक्के प्रकाश पडत असल्याचं आढळलं. नीट दुरुस्ती केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास आला.

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे वरचा पिवळेपणा थोडा जातो आणि दिवा उजळ दिसतो. पण संरक्षक थर त्याने परत येत नाही, उरलासुरला असेल तोही जातो. काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा होतो. थिनर, पेट्रोल किंवा अ‍ॅसिटोन तर लावूच नये, पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात आणि ते कशानेच निघत नाहीत. सध्या काही ठिकाणी कपातून गरम वाफ सोडून दिवा क्षणात काचेसारखा करून देतात. त्या वाफेसाठी बहुधा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमीथेनसारखं द्रावण वापरतात. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून सपाट करतं. ती वाफ फुप्फुसात जाणं कारागिराला घातक आहे, आणि नवा संरक्षक थर यातही मिळत नाही.

योग्य पद्धत फार अवघड नाही. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावायची. मग ८०० किंवा १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर याच क्रमाने, सतत पाणी सोडत, जुना थर पूर्ण निघून सगळीकडे सारखा दुधट रंग येईपर्यंत फिरवायचा. त्यानंतर कंपाउंडने पारदर्शकता आणायची. शेवटी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट द्यायचा. या शेवटच्या पायरीशिवाय आधीची सगळी मेहनत वाया जाते. दुकानात काम देताना 'वर यूव्ही कोट देणार का?' हा एकच प्रश्न विचारा. उत्तर 'नाही' असेल तर दुसरं दुकान बघा.

प्रकाश कमी वाटतो म्हणून जास्त वॅटचे बल्ब बसवणं हा त्यावरचा उपाय नाही. नेहमीचा हॅलोजन बल्ब ५५/६० वॅटचा असतो. ९०/१०० वॅटच्या बल्बने वायरिंग आणि होल्डर तापतात, आणि धुरकट आवरणातून प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी फाकून समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. आधी आवरण स्वच्छ करा, बल्बचं मग बघा.

धुरकटपणा आतून असेल तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही. पावसाळ्यात आत हलकं धुकं धरून गाडी चालल्यावर ते निघून जात असेल तर काळजीचं कारण नाही, दिव्याला हवा खेळण्यासाठी छिद्रं असतात. पण आत पाणी साचत असेल, आवरणाला आतून तडे गेले असतील किंवा बल्बमागचा आरसा काळवंडला असेल, तर पॉलिशवर पैसे घालवू नका. दोन्ही दिवे बदला, आणि पावसाळ्याआधीच बदला.